विधानसभा निवडणुकीचा निकाल कसा वाचावा

मतमोजणीच्या दिवशी दुपारपर्यंत दूरचित्रवाणीच्या पट्टीवर जागांचे आकडे स्थिरावतात आणि संध्याकाळच्या चर्चेत त्यांना कारणे चिकटवली जातात. कुणी सुप्त लाट म्हणतो, कुणी सहानुभूती, कुणी एखाद्या योजनेचे नाव घेतो. ही कारणे खोटीच असतात असे नाही, परंतु ती बहुतेक वेळा केवळ जागांवरून काढलेली असतात, आणि जागा हा निकालातील सर्वांत शेवटी तयार होणारा आकडा असतो. त्याच्या आधी पक्षाला पडलेली मते, आघाडीतील जागावाटप, विरोधी मतांची विभागणी आणि ती मते राज्याच्या कोणत्या भागात एकवटली आहेत, या चार गोष्टी घडून गेलेल्या असतात. राज्याचे राजकारण समजून घ्यायचे असेल, तर जागांपासून उलट्या दिशेने या चार गोष्टींपर्यंत चालत जावे लागते. पुढील मार्गदर्शन त्यासाठी आहे. उदाहरणे प्रामुख्याने महाराष्ट्राची घेतली असली तरी रीत कोणत्याही राज्याला लागू पडते, आणि इतर राज्यांची उदाहरणे जिथे मुद्दा अधिक स्वच्छ दाखवतात तिथे तीच वापरली आहेत.

आधी कागद जमवावेत

प्रत्येक निवडणुकीनंतर भारत निवडणूक आयोग सांख्यिकी अहवाल प्रसिद्ध करतो. त्यात पक्षाने किती जागा लढवल्या, किती जिंकल्या, किती ठिकाणी अनामत रक्कम गेली आणि एकूण किती मते मिळाली, हे पक्षवार दिलेले असते. अलीकडच्या किमान तीन निवडणुकांचे हे तक्ते एका फाइलमध्ये शेजारी-शेजारी ठेवावेत. एकाच निवडणुकीचा तक्ता पाहून काढलेला निष्कर्ष फारसा टिकत नाही.

तुलना कोणत्या वर्षाशी करायची, हे ठरवताना घाई करू नये. पहिली अडचण मतदारसंघांच्या सीमांची असते. महाराष्ट्रात आजचे मतदारसंघ २००९ च्या निवडणुकीपासून अस्तित्वात आहेत, त्यामुळे २००४ च्या निकालात त्याच नावाचा मतदारसंघ आढळला तरी त्यातील गावे तीच असतील असे नाही. आसाममध्ये १२६ मतदारसंघांच्या सीमा २०२३ मध्ये नव्याने आखल्या गेल्या, त्यामुळे तेथे २०२१ च्या निकालाशी केलेली मतदारसंघनिहाय तुलना फसवी ठरू शकते.

दुसरी अडचण आघाड्यांची. महाराष्ट्रात भाजप, शिवसेना, काँग्रेस आणि राष्ट्रवादी हे चारही पक्ष २०१४ मध्ये स्वतंत्रपणे लढले. त्या वर्षी भाजपला सुमारे २७.८ टक्के, शिवसेनेला १९.३, काँग्रेसला १८ आणि राष्ट्रवादीला १७.२ टक्के मते मिळाली. पक्षाची स्वतःची, मित्राच्या मतांची भर नसलेली ताकद मोजायची असेल, तर अलीकडच्या काळात एवढे चांगले दुसरे वर्ष नाही. २०१९ मधील टक्केवारी मात्र युतीतली आहे. ज्या जागा मित्राला सोडल्या, तेथील आपली मते मित्राच्या खात्यात जमा झालेली असतात.

तिसरी अडचण महाराष्ट्रापुरती आणि डोके दुखवणारी आहे, ती पक्षफुटीची. २०१९ मधील शिवसेना आणि २०२४ मधील शिवसेना, तसेच २०१९ मधील राष्ट्रवादी आणि २०२४ मधील राष्ट्रवादी, नावाने आणि चिन्हाने तीच असली तरी पक्ष म्हणून त्या वेगळ्या आहेत. तक्त्यात २०१९ चा आकडा दोन गटांपैकी कोणत्याही एका गटाच्या ओळीत लिहू नये. तिथे स्वतंत्र ओळ ठेवावी आणि दोन्ही गटांची २०२४ मधील बेरीज तिच्यासमोर मांडावी. ती बेरीजही अपुरीच असते, पण निदान दिशाभूल करत नाही.

मते आणि जागा शेजारी ठेवाव्यात

आपल्याकडे मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, मग ती मते ३५ टक्के असोत की ६० टक्के. या पद्धतीत मतांमधील लहानसा फरक जागांमध्ये प्रचंड होतो, आणि कधी कधी मते न हलताही जागा हलतात.

कर्नाटक हे याचे उत्तम उदाहरण आहे. २०१८ मध्ये भाजपला सुमारे ३६.३ टक्के मते आणि २२४ पैकी १०४ जागा मिळाल्या. २०२३ मध्ये मते होती ३६ टक्के, म्हणजे जवळजवळ तेवढीच, पण जागा उरल्या ६६. याच काळात काँग्रेसची मते ३८.१ वरून ४२.९ टक्क्यांवर गेली आणि जनता दल (धर्मनिरपेक्ष) सुमारे १८.३ वरून १३.३ टक्क्यांवर आला. काँग्रेसची वाढ आणि जनता दलाची घट जवळपास सारखीच आहे. भाजपचा मतदार राज्यभरातून पळाला, असे जे त्या दिवशी सांगितले गेले त्याला एकूण आकड्यांचा आधार मिळत नाही. तिसरा पक्ष आकसला आणि काँग्रेसची मते जिंकण्याच्या रेषेवर गेली, एवढे मात्र या आकड्यांवरून म्हणता येते. त्यापुढे विभागवार पाहिल्यावर चित्र आणखी बदलते, ते पुढे येईल.

ओडिशात २०२४ मध्ये तर बिजू जनता दलाला भाजपपेक्षा किंचित अधिक मते मिळाली, दोघेही ४० टक्क्यांच्या आसपास होते, आणि तरी १४७ पैकी भाजपला ७८ व बिजू जनता दलाला ५१ जागा मिळून नवीन पटनायक यांची २४ वर्षांची सत्ता गेली. आंध्र प्रदेशात २०१९ साली तेलुगू देसमला ३९.२ टक्के मतांवर १७५ पैकी २३ जागा मिळाल्या होत्या, तर २०२४ साली वायएसआर काँग्रेसला ३९.४ टक्के मतांवर ११. दोन्ही वेळी पराभूत पक्ष संपला, अशी वाक्ये लिहिली गेली. थेट लढतीत ज्याच्यामागे दहातले चार मतदार उभे आहेत तो पक्ष संपलेला नसतो, हे तेलुगू देसमने पाच वर्षांत दाखवून दिले.

म्हणून पहिली सवय अशी लावून घ्यावी की जागांचा आकडा ऐकताच त्याच्याशेजारी मतांची टक्केवारी लिहावी, आणि मागील निवडणुकीपासून दोन्हींमध्ये झालेला बदल वेगवेगळा काढावा. टक्केवारीबरोबर मतांची प्रत्यक्ष संख्याही लिहावी. मतदान वाढलेले असेल, तर टक्केवारी घसरलेल्या पक्षाची मते संख्येने वाढलेलीही असू शकतात.

लढवलेल्या जागांनी भागावे

आघाड्यांच्या राज्यात राज्यव्यापी टक्केवारीही पुरेशी नसते, कारण पक्ष सर्व जागा लढवतच नाही. या ठिकाणी थोडे गणित करावे लागते आणि ते करण्यासारखे आहे.

महाराष्ट्रातील २०२४ चा निकाल घेऊ. शरद पवार यांच्या राष्ट्रवादीला ११.२८ टक्के मते आणि १० जागा मिळाल्या, तर अजित पवार यांच्या राष्ट्रवादीला ९.०१ टक्के मते आणि ४१ जागा. अधिक मतांना एक चतुर्थांश जागा, हे आकडे निकालानंतर कित्येक दिवस समाजमाध्यमांवर फिरत होते आणि त्यावरून टोकाचे निष्कर्ष काढले जात होते. आता जागावाटप पाहावे. पहिल्या पक्षाने ८६ जागा लढवल्या, दुसऱ्याने ५९. राज्यव्यापी टक्केवारीला २८८ ने गुणून लढवलेल्या जागांनी भागले, की लढवलेल्या मतदारसंघांतील सरासरी मते ढोबळपणे कळतात. पहिल्या पक्षासाठी ११.२८ गुणिले २८८ भागिले ८६ म्हणजे सुमारे ३८ टक्के येतात, दुसऱ्यासाठी ९.०१ गुणिले २८८ भागिले ५९ म्हणजे सुमारे ४४ टक्के. हीच आकडेमोड भाजपच्या २६.७७ टक्क्यांवर आणि १४९ जागांवर केली तर उत्तर ५२ टक्क्यांच्या जवळ जाते, आणि काँग्रेसच्या १२.४२ टक्क्यांवर व १०१ जागांवर केली तर ३५ च्या आसपास राहते. सर्व मतदारसंघांत मतदारांची संख्या सारखी नसल्यामुळे हे आकडे अंदाजेच आहेत, पण ११ विरुद्ध ९ या तुलनेपेक्षा ते कितीतरी अधिक सांगतात.

महाराष्ट्रातील दुरंगी लढतीत ३८ टक्के हा साधारण हरणारा आकडा आहे आणि ४४ हा साधारण जिंकणारा. या सहा टक्क्यांच्या पट्ट्यात निवडणूक घडते. १० आणि ४१ यांच्यातील दरी तिथून निर्माण झाली आहे. त्यात काही आश्चर्य असेलच तर ते एवढेच की ही आकडेमोड दोन मिनिटांत होत असूनही फारसे कुणी ती करत नाही.

बिहारमध्ये नोव्हेंबर २०२५ मध्ये हेच पुन्हा दिसले. राष्ट्रीय जनता दलाला २३ टक्के मते, म्हणजे सर्व पक्षांत सर्वाधिक, आणि जागा २५. भाजपला सुमारे २० टक्के मते आणि ८९ जागा. राष्ट्रीय जनता दल १४० हून अधिक जागांवर उभा होता, भाजप १०१ जागांवर. २४३ जागांच्या हिशेबाने वरचे सूत्र लावले की पहिल्याचे ३९ आणि दुसऱ्याचे ४८ टक्के होतात, आणि कोडे राहत नाही.

हे सूत्र जिथे अपुरे पडते तेही माहीत असावे. झारखंडमध्ये २०२४ साली भाजपला ३३ टक्के मतांवर ८१ पैकी २१ जागा मिळाल्या आणि झारखंड मुक्ती मोर्चाला सुमारे २३ टक्के मतांवर ३४. जागावाटपाने यातील बराच भाग उलगडतो, पण सगळा नाही. उरलेला भाग भूगोलाचा आहे. राज्यातील २८ राखीव आदिवासी मतदारसंघांपैकी २७ झारखंड मुक्ती मोर्चा आणि काँग्रेस यांनी जिंकले, भाजपला एकच मिळाला. म्हणजे राज्याचे एक संपूर्ण अंग एका बाजूला गेले होते. अशा वेळी राज्याची सरासरी बाजूला ठेवून विभागांकडे वळावे.

राज्याचे विभाग पाडावेत

एवढ्या वैविध्याच्या देशात राज्यसुद्धा एकसंध नसते. नंदुरबार आणि कणकवली एकाच मुख्यमंत्र्याला निवडत असली तरी त्यांच्या निवडणुकीत बोलले जाणारे विषय, प्रतिस्पर्धी पक्ष आणि स्थानिक घराणी वेगळी असतात. त्यामुळे विभागवार बेरीज केल्याशिवाय निकाल वाचू नये.

येथे एक खबरदारी घ्यावी. विभागाची व्याख्या आधी तपासावी. मुंबईच्या ३६, ठाणे-कोकणाच्या ३९, विदर्भाच्या ६२ आणि मराठवाड्याच्या ४६ जागांविषयी मतभेद नाहीत. पश्चिम महाराष्ट्राच्या जागा मात्र एका वृत्तपत्रात ५८ आणि दुसऱ्यात ७० दिसतात, तर उत्तर महाराष्ट्राच्या कुठे ४७ आणि कुठे ३५. फरक १२ चा आहे आणि तो पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा आहे. महसुली विभागाने मोजले तर हा जिल्हा नाशिककडे जातो, सहकाराच्या आणि साखरेच्या राजकारणाने मोजले तर पश्चिम महाराष्ट्राकडे. दोन वृत्तपत्रांतील पश्चिम महाराष्ट्राचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यापूर्वी हा जिल्हा कुठे बसवला आहे ते पाहावे. राजकारण वाचायचे असेल तर माझ्या मते तो पश्चिम महाराष्ट्रात ठेवणेच योग्य, पण एकदा ठरवल्यावर सर्व वर्षांसाठी तोच नियम पाळावा.

कर्नाटकाचे वरचे उदाहरण विभागवार उघडले की कळते, की भाजपची राज्यव्यापी टक्केवारी जागच्या जागी राहिली ती दोन विरुद्ध हालचाली एकमेकींना कापून. जुन्या म्हैसूर भागात आणि बंगळुरूत पक्षाची मते वाढली, तर कित्तूर आणि कल्याण कर्नाटकात, म्हणजे जुन्या मुंबई आणि हैदराबाद कर्नाटकात, घटली. जिथे वाढली तिथे ती जिंकण्याइतकी नव्हती आणि जिथे घटली तिथे आधी जिंकलेल्या जागा होत्या. बेळगाव जिल्ह्यातील १८ जागांपैकी काँग्रेसला ११ आणि भाजपला ७ मिळाल्या. याच जिल्ह्यात २०१३ मध्ये महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार निवडून आले होते, २०१८ आणि २०२३ मध्ये एकही नाही. सीमाभागातील मराठी वाचकाने हा विभाग स्वतःच्या तक्त्यात वेगळा ठेवावा, कारण राज्याच्या चर्चेत तो नेहमी कित्तूर कर्नाटकाच्या बेरजेत विरघळून जातो.

मतदारसंघात उतरावे

यापुढचे काम वेळखाऊ आहे आणि सर्व मतदारसंघांसाठी करणे शक्यही नाही. आपल्या परिचयाचे पाच-सहा मतदारसंघ निवडावेत. त्यांत एक मोठ्या मताधिक्याचा, दोन-तीन अटीतटीचे आणि एक राखीव असावा.

सर्वप्रथम मताधिक्य पाहावे. २०२४ मध्ये मालेगाव मध्य येथील निकाल १६२ मतांनी लागला आणि साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी निवडून आले. असे निकाल कोणत्याही राज्यव्यापी कारणाचा पुरावा म्हणून वापरू नयेत. एका वस्तीतील एका गल्लीचे मतदान दुपारच्या उन्हाने कमी झाले असते, तरी विजेता बदलला असता. संपूर्ण राज्यात किती जागा पाच हजारांहून कमी मतांनी लागल्या, त्या कोणाच्या पारड्यात गेल्या, हे मोजले की कौल किती भक्कम आहे याचा अंदाज येतो.

नंतर तिसऱ्या उमेदवाराची मते मताधिक्याशी ताडावीत. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात उदयनराजे भोसले ३२ हजारांहून अधिक मतांनी विजयी झाले आणि प्रतिस्पर्ध्याच्या ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या चिन्हाशी साधर्म्य असलेल्या चिन्हावरील एका अपक्षाला ३७ हजारांहून अधिक मते पडली. ही तुलना डोळ्यांत भरते, पण ती करताना हात आखडता ठेवावा. तिसऱ्याची सगळी मते दुसऱ्याकडेच गेली असती, असे गृहीत धरायला आधार लागतो. चिन्हाच्या साधर्म्याच्या प्रकरणात थोडा आधार मिळतो, कारण त्या अपक्षाला स्वतःची ओळख नसतानाही मते सर्वदूर पडलेली दिसतात. बंडखोराच्या बाबतीत तो मिळत नाही. बंडखोराची निम्मी मते त्याच्या स्वतःच्या गावची आणि भावकीची असतात, तो उभा नसता तर ती कुठे गेली असती हे तोही सांगू शकणार नाही.

नोटाची, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाची मतेही पाहावीत. २०१९ मध्ये लातूर ग्रामीण मतदारसंघात नोटाला २७ हजारांच्या घरात मते पडून तो दुसऱ्या क्रमांकावर आला आणि पलूस-कडेगावातही दुसरा क्रमांक नोटाचाच होता. दोन्ही ठिकाणी जागा मित्रपक्षाला सुटल्यानंतर प्रमुख प्रतिस्पर्धी मैदानात दिसलाच नाही, ही पार्श्वभूमी ठाऊक नसेल तर नोटाचा आकडा व्यवस्थेवरील राग म्हणून वाचला जातो. त्या आकड्याचे मूळ जागावाटपात होते.

याहून खोल जायचे असेल तर नमुना २० मिळवावा. निवडणूक निर्णय अधिकारी अंतिम निकालपत्रक म्हणून जो तक्ता भरतो तो हा. त्यात मतदान केंद्राच्या क्रमांकानुसार प्रत्येक उमेदवाराची मते आणि शेवटी टपाली मते वेगळी दिलेली असतात. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मतदारसंघनिहाय मिळतो, मात्र बहुतेक वेळा कागद स्कॅन करून टाकलेला असतो, त्यामुळे आकडे हाताने उतरवावे लागतात. त्याच्या जोडीला मतदान केंद्रांची यादी घ्यावी, म्हणजे क्रमांक १४७ म्हणजे कोणत्या गावची कोणती शाळा हे कळते. येथे नवख्या अभ्यासकांची फसगत एका ठरावीक जागी होते. मतदारांची संख्या वाढली की केंद्रे वाढतात आणि क्रमांक सरकतात, त्यामुळे २०१९ मधील क्रमांक १४७ आणि २०२४ मधील क्रमांक १४७ ही एकच जागा असेलच असे नाही. क्रमांकाऐवजी गावाच्या नावावरून जुळणी करावी आणि एका गावातील सर्व केंद्रांची बेरीज करून मगच तुलना करावी.

गावनिहाय बेरीज झाली की नकाशा समोर येतो. उमेदवाराच्या गावाभोवतीचा पट्टा, साखर कारखान्याच्या कार्यक्षेत्रातील गावे, धरणाच्या वरची आणि खालची गावे, तालुक्याचे शहर आणि त्याची वाढती उपनगरे, असे गट आपोआप दिसू लागतात. दोन तालुक्यांचा मिळून एक मतदारसंघ असेल तर पुष्कळदा असे दिसते की पक्षापेक्षा तालुक्याची अस्मिता जड गेली आहे. हे चित्र कोणत्याही वाहिनीवर मिळत नाही.

मतदानाच्या टक्केवारीबाबत वाद निर्माण झाला, तर त्याचाही तपास याच पातळीवर होतो. महाराष्ट्रात २० नोव्हेंबर २०२४ रोजी सायंकाळी ५ वाजेपर्यंतचा अंदाज ५८.२२ टक्के दिला गेला आणि अंतिम आकडा सुमारे ६६ टक्के निघाला, त्यावरून बराच काळ आरोप-प्रत्यारोप झाले. पहिला आकडा मतदान चालू असताना तोंडी आणि अंदाजाने गोळा केलेला असतो, शिवाय ६ वाजता रांगेत असलेल्या प्रत्येकाला मतदान करता येते. दुसरा आकडा केंद्राध्यक्षाने मतदान संपल्यावर भरलेल्या हिशेबावर आधारलेला असतो. हा हिशेब नमुना १७-क मध्ये असतो आणि त्याची प्रत उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींना दिली जाते. ज्याला शंका आहे त्याने एखाद्या मतदारसंघातील या प्रती मिळवून त्या नमुना २० शी केंद्रवार जुळवाव्यात. ते न करता राज्यव्यापी टक्केवारीवर घातलेला वाद, कोणत्याही बाजूने असो, निष्फळ राहतो.

लोकसभेशी तुलना करताना

महाराष्ट्रात प्रत्येक लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ येतात, आणि लोकसभेच्या मतांची विभागणीही विधानसभानिहाय प्रसिद्ध होते. ही सोय असल्यामुळे दोन निवडणुकांची तुलना करणे सोपे वाटते. २०२४ मध्ये मराठवाड्यातील लोकसभेच्या आठ जागांपैकी महायुतीला औरंगाबादची एकच मिळाली होती आणि सहा महिन्यांनी विधानसभेच्या ४६ जागांत महाविकास आघाडीला पाचच मिळाल्या. एवढा उलटफेर पाहून माणूस चक्रावतो. पण जूनमध्ये राज्यभरात दोन्ही आघाड्यांच्या मतांत एक टक्क्याचेही अंतर नव्हते, महाविकास आघाडीच्या ३० विरुद्ध महायुतीच्या १७ जागा हा आकडाच ते अंतर फुगवून दाखवत होता. जूनचा निकाल मतांवरून वाचला असता, तर नोव्हेंबरचा धक्का निम्म्याने कमी बसला असता.

शिवाय मतदार दोन निवडणुकांत जाणूनबुजून वेगळे मत देतो. राजस्थानात डिसेंबर २०१८ मध्ये काँग्रेसचे सरकार आले आणि मे २०१९ मध्ये लोकसभेच्या २५ पैकी २५ जागा भाजप व त्याच्या मित्रपक्षाने जिंकल्या. ओडिशात तर दोन्ही मते एकाच दिवशी, एकाच केंद्रात दिली जातात, आणि २०१९ मध्ये विधानसभेत बिजू जनता दलाचा दणदणीत विजय होत असताना लोकसभेच्या २१ पैकी ८ जागा भाजपला मिळाल्या. राज्याच्या निकालावरून दिल्लीचे भाकीत करण्याचा मोह आवरावा, तसाच दिल्लीच्या निकालावरून राज्याचे करण्याचाही.

जातींच्या गणिताविषयी

अमुक समाजाने अमुक पक्षाला इतके टक्के मतदान केले, असे वाक्य दिसले की ते कुठून आले हे विचारावे. मतमोजणीतून जात कळत नाही. जनगणनेतून अनुसूचित जाती आणि जमातींपलीकडचे आकडे १९३१ नंतर देशपातळीवर प्रसिद्ध झालेले नाहीत. असे वाक्य मतदानोत्तर सर्वेक्षणातून आले असेल, तर नमुन्यात त्या समाजाचे किती जण होते हे पाहावे, कारण राज्यभरातील तीन-चार हजार उत्तरदात्यांत एखाद्या लहान समाजाचे शंभरही नसतात. ते मतदान केंद्रांवरून काढलेले असेल, तर अधिक जपून घ्यावे. ज्या गावात एका समाजाची ६० टक्के वस्ती आहे तेथे एका पक्षाला ६० टक्के मते पडली, म्हणून ती त्याच लोकांची असतील असे सिद्ध होत नाही.

निकालानंतर

निकालाचा दिवस संपला की वाचन संपत नाही. सरकार मतपेटीतून थेट बाहेर येत नाही. महाराष्ट्रात १९९९ मध्ये काँग्रेस आणि राष्ट्रवादी एकमेकांविरुद्ध लढून ७५ आणि ५८ जागा घेऊन आले आणि निकालानंतर एकत्र येऊन त्यांनी सरकार केले. गोव्यात २०१७ मध्ये ४० पैकी १७ जागा काँग्रेसकडे आणि १३ भाजपकडे होत्या, सरकार मात्र मनोहर पर्रीकर यांच्या नेतृत्वाखाली भाजपने स्थापन केले. निवडणूकपूर्व आघाडी आणि निवडणुकोत्तर आघाडी यांची नोंद म्हणूनच वेगळी ठेवावी.

आमदारांच्या हालचाली वाचण्यासाठी राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीची, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याची, दोन टप्प्यांतील माहिती असावी. १९८५ मध्ये ती आली तेव्हा एक तृतीयांश आमदारांच्या फुटीला मोकळीक होती. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ती काढली आणि दोन तृतीयांश आमदारांसह विलीनीकरणाची वाट तेवढी शिल्लक ठेवली. गोव्यात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ आमदार एकगठ्ठा भाजपमध्ये गेले, हे आकडे योगायोगाचे नाहीत. एखाद्या पक्षात धुसफूस ऐकू आली की त्याच्या आमदारसंख्येला दोनने गुणून तीनने भागावे आणि असंतुष्टांची संख्या त्या आकड्याच्या किती जवळ आहे ते पाहावे. महाराष्ट्रात २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली तेव्हा मात्र कुणीही दुसऱ्या पक्षात विलीन झाले नाही, आम्हीच मूळ पक्ष असा दावा केला गेला, आणि निर्णय निवडणूक आयोग व विधानसभा अध्यक्ष यांच्याकडे गेला. अशा वेळी आमदारांच्या मोजणीइतकेच महत्त्व अध्यक्षपद कोणाकडे आहे याला येते. ९१ व्या घटनादुरुस्तीनेच मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर रोखली आहे, म्हणजे २८८ च्या सभागृहात मुख्यमंत्री धरून ४३. २०२४ मधील महायुतीच्या तीन पक्षांचे २३० आमदार आणि ४३ खुर्च्या हा हिशेब मांडला की खातेवाटप लांबण्याची कारणे शोधत बसावे लागत नाही.

पोटनिवडणुकांची नोंद तक्त्यात जरूर करावी, पण वेगळ्या रंगाने. मार्च २०२३ मध्ये कसबा पेठेत काँग्रेसचे रवींद्र धंगेकर सुमारे ११ हजार मतांनी जिंकले तेव्हा राज्याचा कल फिरल्याचे लिहिले गेले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच दोन उमेदवारांच्या लढतीत हेमंत रासने १९ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. कसब्यासारख्या निकालापुढे उमेदवार कोण होते, बंडखोर होता की नव्हता, मतदान मागच्यापेक्षा किती कमी-जास्त झाले आणि विरोधक एकत्र होते की नाही, एवढ्या चार गोष्टी लिहून ठेवाव्यात आणि पुढची सार्वत्रिक निवडणूक होईपर्यंत ती ओळ राज्याच्या बेरजेत मिळवू नये.